जुन्या फोटोतला चिनी बादशाही झेंडा ओळखायचा कसा (नवशिक्यांसाठी)

आधी माझी फजिती सांगतो म्हणजे हा लेख का लिहितोय ते कळेल. मी जहाजांची मॉडेल्स करतो. मागे दिंगयुआन केलं होतं, चीनच्या आरमारातल्या बेयांग ताफ्यातल्या सगळ्यात मोठ्या दोन युद्धनौकांपैकी एक, जर्मनीत श्टेटिनच्या फुल्कान गोदीत बांधलेली. आठ महिने रविवार घातले त्यात, दोऱ्या लावताना डोळे गेले, आणि शेवटी मागच्या काठीवर मस्त पिवळा त्रिकोणी ड्रॅगनवाला झेंडा चिकटवला कारण नेटवर शोधल्यावर पहिला तोच आला. फोटो मित्रांना पाठवला. त्यातल्या एका जाणत्या काकांनी एवढंच विचारलं, "जहाज कुठल्या सालातलं दाखवलंयस?" मी ऐटीत म्हटलं १८९४, चीन-जपान युद्धातली यालूची लढाई. तर म्हणाले, "मग झेंडा बदल रे, तोपर्यंत चौकोनी झाला होता."

त्या दिवसापासून हा नाद लागला. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की "जुन्या चीनचा झेंडा कोणता" हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. बरोबर प्रश्न असा की हा झेंडा कुणी लावला, कुठे लावला आणि कोणत्या साली. ही तीन उत्तरं मिळाली की बाकीचं आपोआप सुटतं. मॉडेलवाले, तिकिटं आणि जुनी पोस्टकार्डं जमवणारे, क्विझवाले, नाहीतर नुसतेच जुने फोटो बघत बसणारे, सगळ्यांना उपयोगी पडेल असं एकेक पायरीने सांगतो.

पायरी १ : आधी साल बघा, आणि १८६२ च्या आधीचं असेल तर "राष्ट्रध्वज" हा शब्द विसरा

नेटवर तांग राजवटीचा झेंडा, सोंगचा झेंडा, मिंगचा झेंडा अशी चकाचक चित्रं मिळतात, पिवळ्यावर लाल गोळा, लालवर सूर्य-चंद्र वगैरे. ही सगळी आत्ताच्या लोकांनी बनवलेली आहेत, गेम खेळणाऱ्यांनी आणि नकाशे करणाऱ्यांनी. मिंगवाल्यात सूर्य-चंद्र का, तर "मिंग" हे अक्षर सूर्य आणि चंद्र या दोन चिन्हांचं मिळून होतं म्हणून. कल्पना छान आहे पण तसा झेंडा मिंग दरबाराने देशाचा म्हणून कधी ठरवला नव्हता.

याचा अर्थ झेंडे नव्हते असं अजिबात नाही, उलट रगड होते. दिशांचे झेंडे होते, म्हणजे पूर्वेला निळा-हिरवा ड्रॅगन, दक्षिणेला लाल पक्षी, पश्चिमेला पांढरा वाघ, उत्तरेला काळं कासव आणि मध्ये पिवळा. नक्षत्रांचे झेंडे होते. सेनापतीच्या आडनावाचं एकच मोठं अक्षर लिहिलेले होते. हुकूम घेऊन जाणाऱ्या स्वाराच्या हातातली छोटी पताका वेगळी. बादशहाची स्वारी निघाली की तिच्यासोबत चालायचे ते आणखी वेगळे, त्यांची तर चिएनलुंग बादशहाच्या काळात (अठरावं शतक) पूजेच्या भांड्यांपासून चिलखतापर्यंत सगळ्या शाही सरंजामाबरोबर रंगीत चित्रं काढून ठेवली होती, त्यातली काही पानं आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये बघायला मिळतात. पण या सगळ्यात "हा चीन देशाचा" असा एकही नाही. मिंग काळातला दर्यासारंग "झेंग हे" १४०५ ते १४३३ मध्ये सात वेळा मोठमोठे ताफे घेऊन समुद्रावर आला, कालिकत आणि कोचीपर्यंत आला, त्याच्या जहाजांवर निशाणं असणारच, पण तुम्ही त्याचं मॉडेल करत असाल तर शिडाच्या टोकाला "मिंगचा राष्ट्रध्वज" लावू नका एवढंच.

आपल्याला हे समजायला खरं तर अवघड जाऊ नये. जरीपटका आपल्याकडे काय होता? सरदाराला दिलेला मान होता, तो पुढे चालला की फौजेला कळायचं हुकूम कुणाचा आहे. तसंच तिकडे, झेंडा माणसाचा नाहीतर पलटणीचा, देशाचा नाही.

पायरी २ : आठ निशाणांचा घोळ समजून घ्या

इथे बहुतेक नवे लोक अडकतात म्हणून जरा सावकाश.

चिंग राजवट म्हणजे मांचू लोकांची, चीनवर १६४४ ते १९१२. पण त्यांची फौज त्याच्या आधीच उभी राहिलेली. नुरहाची नावाच्या त्यांच्या सरदाराने १६०१ च्या सुमारास आपल्या लोकांच्या चार तुकड्या केल्या, पिवळी, पांढरी, लाल, निळी. मग १६१५ मध्ये चाराच्या आठ केल्या, रंग तेच पण नव्या चारांना कडेने किनार लावली. पिवळ्या, पांढऱ्या आणि निळ्याला लाल किनार, आणि लालला लाल किनार दिसणार कशी म्हणून तिला पांढरी. झाली आठ निशाणं. पुढे मंगोलांची आठ आणि हान चिनी (म्हणजे चीनमधल्या बहुसंख्य) लोकांची आठ अशीच अजून झाली, एकूण चोवीस.

आता गंमत अशी की चिनी भाषेत यांना जो शब्द आहे, "छी", तो झेंड्याला पण वापरतात आणि त्या तुकडीला पण. आणि तुकडी म्हणजे नुसते सैनिक नाहीत हां, त्यांची बायकापोरं, जमीन, धान्याचा रेशन, सगळं त्या निशाणाखाली. माणूस "किनारीच्या पिवळ्या निशाणाचा" असायचा जसं आपण एखादा अमक्या गावचा म्हणतो. त्यामुळे वाचताना "तो पिवळ्या निशाणाचा होता" असं आलं तर त्याच्या हातात झेंडा होता असं समजू नका.

या निशाणांवर ड्रॅगन असायचा, आणि पिवळ्या निशाणावर पिवळ्या कापडावर ड्रॅगन, म्हणून लोक ते बघून लगेच "चिंग राष्ट्रध्वज" म्हणून मोकळे होतात. ओळखायची खूण किनार. पिवळं कापड, ड्रॅगन आणि लाल किनार दिसली की ते फौजेचं निशाण. याशिवाय हान चिनी सैनिकांची एक मोठी फौज होती, तिचं नावच तिच्या हिरव्या झेंड्यांवरून पडलेलं, तेव्हा हिरवा झेंडा दिसला की मुसलमान पलटण वगैरे निष्कर्षावर उडी मारू नका. मी मारली होती.

पायरी ३ : त्रिकोणी की चौकोनी

आता खऱ्या मुद्द्यावर येतो. चीनला सरकारी झेंडा लागला तो समुद्रामुळे. म्हणजे तोवर दरबाराचं काही अडलं नव्हतं, जमिनीवर कोण कुणाचा ते सगळ्यांना माहीतच असायचं, पण बंदरात इंग्रज, फ्रेंच, अमेरिकन जहाजं आली आणि त्यांचा सगळा कायदाच झेंड्यावर चालायचा, कुठल्या झेंड्याचं जहाज त्यावर पकडता येईल की नाही ते ठरायचं. याचं सगळ्यात वाईट उदाहरण ॲरो नावाच्या होडीचं. ८ ऑक्टोबर १८५६, ग्वांगझौ बंदर. होडी चिनी माणसाच्या मालकीची पण हाँगकाँगमध्ये नोंदवलेली, चिनी अधिकाऱ्यांनी चाचेगिरीच्या संशयावरून वर चढून खलाशी पकडले, आणि इंग्रज कॉन्सल हॅरी पार्क्स ओरडायला लागला की आमचा झेंडा खाली ओढला, अपमान झाला. झेंडा तेव्हा वर होता की नव्हता यावर दोन्ही बाजूंनी वाद घातला, वर होडीच्या नोंदणीची मुदत तर काही दिवसांपूर्वीच संपली होती. पण या निमित्ताने दुसरं अफूचं युद्ध पेटलं ते पेटलंच. एका फडक्यावरून.

(अफूच्या युद्धाचा विषय निघालाच आहे तर पहिल्या युद्धाचं पण सांगून टाकतो. २९ ऑगस्ट १८४२ ला नानकिंगचा तह ज्या जहाजावर झाला, ज्या तहाने हाँगकाँग गेलं, ते कॉर्नवॉलिस जहाज आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं, १८१३ सालचं, सागवानी. मुंबईत गोदीच्या बाजूने जाताना मला दर वेळी हे आठवतं आणि अभिमान वाटावा की काय वाटावं ते कळत नाही.)

तर १८६२. तोवर चिनी सरकारी बोटी आणि परदेशी जहाजं एकाच नदीत वावरायला लागली होती आणि कुणाला कुणाची ओळख पटेना. शिवाय चीन सरकारने इंग्लंडमधून वाफेच्या गनबोटींचा एक ताफा विकत घ्यायचं ठरवलेलं, त्याला झेंडा लागणार. ही खरेदी बघणारा कस्टम्सचा इंग्रज प्रमुख होरेशियो नेल्सन ले, याने तिकडे लंडनमध्ये बसून आपल्याच मनाने एक झेंडा ठरवून टाकला, हिरवं कापड आणि त्यावर पिवळी तिरपी फुली. इकडे पेकिंगमध्ये (आजचं बीजिंग) परराष्ट्र कारभार बघणाऱ्या राजपुत्र गोंगने वेगळंच ठरवलं : पिवळा, त्रिकोणी, मध्ये ड्रॅगन, ड्रॅगनचं डोकं वरच्या बाजूला. माप सुद्धा दिलं, मोठ्या जहाजाला काठीकडची उंची एक झांग म्हणजे साधारण तीन-सव्वातीन मीटर, लहानांना सात-आठ छी, म्हणजे दोन-अडीच मीटर (हा मापाचा छी वेगळा, निशाणाचा वेगळा). लेचा ताफा पुढे हुकूम कुणाचा चालणार या भांडणात मोडला आणि बोटी परत गेल्या, पण त्याची हिरवी-पिवळी फुली मेली नाही, ती कस्टम्सच्या बोटींवर राहिली. म्हणून चिनी बंदराच्या जुन्या चित्रात हिरव्यावर पिवळी फुली दिसली तर ती कस्टम्सची बोट.

त्रिकोणी का? त्यांच्याकडे फौजेचे कितीतरी झेंडे त्रिकोणीच असायचे, सवयीचा आकार. पण परदेशी बंदरात सगळ्यांचे चौकोनी फडकतायत आणि आपला एकटा त्रिकोणी, तो पण अशा ठिकाणी की जिथे त्रिकोणी फडकं म्हणजे बहुतेक वेळा सिग्नलची पताका. शेवटी १८८८ मध्ये बेयांग ताफ्याची नियमावली आली, ताफ्याचा कारभार बघणाऱ्या ली होंगचांग या बड्या दरबारी अधिकाऱ्याच्या हाताखाली तयार झालेली, तिच्यात लिहिलं की आता आपली जहाजं वाढली, सारखा इतर देशांशी संबंध येतो, तेव्हा युद्धनौकांचा झेंडा लांबट चौकोनी करावा, रंग पिवळाच, मध्ये निळा उडता ड्रॅगन. मग हाच चौकोनी देशाचा म्हणून चालायला लागला. पुस्तकांत कुठे १८८८ दिसेल कुठे १८८९, घाबरू नका, नियमावली वर्षाच्या अगदी शेवटी आलेली, प्रत्यक्षात १८८९ धरा.

म्हणजे सोपा नियम : १८६२ ते १८८८ जहाजावर त्रिकोणी, १८८९ ते १९१२ चौकोनी. आता माझ्या चुकीकडे बघा. दिंगयुआन चीनला पोचलं १८८५ मध्ये, म्हणजे त्याच जहाजाने आयुष्यात दोन्ही झेंडे लावले. १८८६ ला नागासाकीला गेलं तेव्हाचं करत असाल तर त्रिकोणी बरोबर. १८९४ चं करत असाल तर चूक.

पायरी ४ : झेंडा जहाजावर कुठे आहे ते बघा

हे फारच कमी लोक बघतात. जहाजावरची जागा म्हणजे अर्धं उत्तर. मागच्या टोकाला (किंवा लढाईत मागच्या डोलकाठीवर) असतो तो देशाचा. मुख्य डोलकाठीच्या अगदी टोकाला असतो तो जहाजावर हजर असलेल्या सगळ्यात मोठ्या अधिकाऱ्याचा. आणि दोऱ्यांवर रांगेने लटकलेले छोटे रंगीबेरंगी ते सिग्नल, त्यांच्यात देश शोधायला जाऊ नका, आपल्या बंदरात वादळाचा बावटा चढवतात तशी ती बोलायची भाषा आहे.

बेयांग ताफ्यात ॲडमिरलला, म्हणजे त्यांच्या भाषेत तीदू, पाच रंगी पट्ट्यांचा चौकोनी झेंडा होता आणि त्याच्या खालच्या वरिष्ठांना तीन रंगी. आता हे रंगीत पट्टे किती महागात पडू शकतात त्याचा किस्सा ऐका.

बेयांग म्हणजे उत्तरेचा ताफा, हिवाळ्यात तिकडे थंडी बेक्कार, त्यामुळे जहाजं दक्षिणेला यायची. १८९० च्या सुरुवातीला ताफा हाँगकाँगला होता. ॲडमिरल दिंग रूचांग काही जहाजं घेऊन पुढे गेला. तो निघाल्यावर दिंगयुआनचा कप्तान ल्यू बूचान, इंग्लंडमध्ये शिकून आलेला हुशार माणूस, त्याने ॲडमिरलचा पाच रंगी झेंडा उतरवला आणि स्वतःच्या हुद्द्याचा तीन रंगी चढवला. हिशेब सरळ, ॲडमिरल नाही तर आता सर्वात वरिष्ठ मी. पण जहाजावर कॅप्टन लँग होता, इंग्रज आरमारातून आलेला सल्लागार, ज्याला चीन सरकारने ॲडमिरलच्या तोडीचा मान दिलेला. तो भडकला, मी इथे उभा असताना ॲडमिरलचा झेंडा खाली कसा? तार गेली ली होंगचांगकडे. लीने ल्यू बूचानची बाजू घेतली. लँगने त्याच वर्षी राजीनामा दिला आणि गेला.

वरून बघितलं तर दोन माणसांचा अहंकार. पण खरा वाद होता तो हा की लँगला दिलेली पदवी नुसती शोभेची की ताफा खरोखर त्याच्या हुकमात, आणि याचं उत्तर कुठल्या कागदावर स्पष्ट नव्हतं, ते त्या काठीवर दिसलं. लँग कडक शिस्तीचा होता, तो गेल्यावर कवायत ढिली पडली असं नंतर बरेच जण म्हणाले. चार वर्षांनी यालूच्या लढाईत, १७ सप्टेंबर १८९४, दिंगयुआनचा ब्रिज (अधिकारी उभे राहून हुकूम देतात ती उंच जागा) पहिल्याच फैरीत कोसळला, दिंग रूचांग जखमी झाला आणि सिग्नल लावायची डोलकाठी पण गेली. त्यानंतर झेंड्यांनी हुकूम देणं बंद, ज्याने त्याने आपापलं लढायचं. फेब्रुवारी १८९५ मध्ये वेहायवे बंदरात ताफा संपला, दिंग आणि ल्यू दोघांनीही आत्महत्या केली. तेव्हा त्या काळातल्या डोलकाठीवर पट्टे दिसले की मी तरी पटकन पुढे जात नाही, थांबून मोजतो.

एक सावधगिरी. १९१२ मध्ये प्रजासत्ताक आलं तेव्हा देशाचा झेंडा पण पाच आडव्या पट्ट्यांचा झाला, वरून खाली लाल, पिवळा, निळा, पांढरा, काळा, पाच जमातींचे पाच रंग म्हणून. पाच पट्टे बघून गोंधळ होतो. म्हणून परत तेच, साल आणि जागा. डोलकाठीच्या टोकाला आणि १९१२ च्या आधी, तर ॲडमिरल. मागच्या काठीवर आणि १९१२ नंतर, तर देश.

पायरी ५ : ब्लॅक अँड व्हाइट फोटोचा धोका

हे मला कुणी सांगितलं असतं तर माझे सहा महिने वाचले असते. त्या काळच्या फोटोच्या काचा निळ्या उजेडाला जास्त पकडायच्या आणि पिवळ्या-लालला कमी. परिणाम असा की फोटोत पिवळं कापड गडद, जवळजवळ काळपट येतं, आणि निळा ड्रॅगन फिकट, कधीकधी पांढरा. म्हणजे आपण शोधतोय उजळ झेंड्यावर गडद ड्रॅगन आणि फोटोत आहे नेमकं उलटं. मी किती फोटो "हा काहीतरी दुसराच काळा झेंडा" म्हणून बाजूला टाकले देव जाणे. आणि ड्रॅगनच्या तोंडापाशी असतो तो लाल गोळा, म्हणजे मोती, तो पण गडदच येतो, त्यामुळे तो पिवळ्यात मिसळून चक्क गायब होतो. मोती दिसत नाही म्हणजे झेंडा खोटा असं नाही. आजकाल लोक कॉम्प्युटरकडून जुने फोटो रंगवून घेतात, त्यात तर हा झेंडा चॉकलेटी नाहीतर मरून करून ठेवलेला असतो. त्यावर बिलकुल विश्वास ठेवायचा नाही.

ड्रॅगनकडे बघताना तीन गोष्टी बघा. तोंड सहसा काठीकडे असतं. तोंडासमोर किंवा वरच्या कोपऱ्यात लाल गोळा, ज्वाळांसारख्या कडा असलेला, याला मोती म्हणतात. अंग निळं, पोट आणि आयाळीला दुसरे रंग. तोंड उलट्या दिशेला असेल तर आधी फोटो आरशासारखा उलटा छापलाय का ते बघा, जहाजाच्या तोफा, माणसांच्या अंगरख्याची गुंडी, पाठीमागची पाटी यावरून कळतं. नखं मोजत बसायचा मोह होतो, कारण पाच नखांचा ड्रॅगन बादशहाचा असा नियम कापडचोपडात होता, पण झेंडे हाताने शिवलेले असायचे आणि शिंप्याशिंप्यात फरक, नखांवरून निकाल देऊ नका. तसंच रंगाचा नंबर शोधू नका. नेटवर जो एकसारखा गुळगुळीत ड्रॅगन दिसतो तो आत्ता कॉम्प्युटरवर काढलेला, खरे झेंडे बघितले तर एकाचा ड्रॅगन मांजरासारखा, दुसऱ्याचा गांडुळासारखा, आणि मला तर तेच जास्त आवडतात.

छापील चित्रांचं पण सांगतो. जपानमध्ये १८९४-९५ च्या युद्धाची रंगीत लाकडी ठशांची चित्रं ढिगाने निघाली, दिसायला अप्रतिम. पण काढणारे बहुतेक चित्रकार टोकियोत बसलेले, बातम्या वाचून काढायचे. त्यातला झेंडा पुरावा म्हणून वापरू नका. सिगारेटच्या पाकिटातली झेंड्यांची कार्डं पण तशीच, ती युरोपातल्या छापखान्यातल्या माणसाच्या डोक्यातला ड्रॅगन दाखवतात.

पायरी ६ : जमिनीवरचे, आणि सरकारी कामाचे

जहाज सोडून बाकी ठिकाणी हा झेंडा हळूहळू पोचला. त्यातली पहिली मजेशीर गोष्ट १८६८ ची. चीनने परदेशात पहिलं मोठं शिष्टमंडळ पाठवलं आणि त्याचा प्रमुख केला कोणाला, तर ॲन्सन बर्लिंगेम नावाच्या अमेरिकन माणसाला, जो काही महिन्यांपूर्वीपर्यंत पेकिंगमध्ये अमेरिकेचाच वकील (म्हणजे राजदूत) होता. हे साहेब दुसऱ्याच्या देशाच्या वतीने निघाले तर झेंडा पाहिजे म्हणून एक करून घेतला, पिवळा, निळी किनार, मध्ये ड्रॅगन, तीन छी लांब आणि दोन रुंद. बघा, चौकोनी! जहाजांवर अजून त्रिकोणीच आणि वकिलाच्या हातात चौकोनी, वीस वर्षं आधीच. म्हणून वरचा माझा "सोपा नियम" जहाजांपुरताच धरा.

पुढे वकिलाती, सरकारी इमारती, प्रदर्शनं सगळीकडे चौकोनी पिवळा दिसायला लागतो. १८८९ नंतरच्या फोटोत परदेशातल्या एखाद्या इमारतीवर दिसला तर फार विचार करायची गरज नाही.

पायरी ७ : फसवे भाऊबंद

हे पटकन उरकतो. निळ्यावर पिवळा वाघ असेल तर तो तैवानचा, १८९५ च्या मे महिन्यात जपानच्या ताब्यात जाण्याआधी तिथल्या लोकांनी घाईघाईत प्रजासत्ताक जाहीर केलं तेव्हाचा. चिंग झेंड्याच्या नेमका उलट, पिवळ्यावर निळा ड्रॅगन आणि निळ्यावर पिवळा वाघ, आणि ते मुद्दाम तसं, ड्रॅगनची बरोबरी करायची नाही म्हणून वाघ. काही महिन्यांत सगळं संपलं. तायपेच्या म्युझियममध्ये जो आहे ती १९०९ ची नक्कल.

पांढरा ड्रॅगन आणि अर्धं पिवळं अर्धं नारिंगी म्हणजे भूतान, हे शाळेतल्या मुलालाही माहीत आहे पण विक्रीच्या साइटवर मी "अँटिक चायना फ्लॅग" म्हणून बघितलंय. ब्रिटिश झेंड्याबरोबर ड्रॅगन असेल तर वेहायवे, ते बंदर १८९८ पासून इंग्रजांकडे भाड्याने होतं, सुरुवातीला त्यांनी ड्रॅगन वापरला आणि १९०३ मध्ये बदलून बदकांची जोडी आणली. (ड्रॅगन जाऊन बदकं. काय बोलणार.) लांब अक्षरं लिहिलेले झेंडे, "चिंगला साथ द्या, परक्यांना हाकला" अशा अर्थाचे, ते १९०० च्या बॉक्सर बंडवाल्यांचे, सरकारी नव्हेत.

आणि शेवटचा सापळा म्हणजे १९१७. राजवट १२ फेब्रुवारी १९१२ ला संपली, तरी बीजिंगचा १९१७ चा फोटो ड्रॅगनच्या झेंड्यांनी भरलेला दिसू शकतो. चांग शुन नावाच्या सेनापतीने १ जुलैला छोट्या पूयीला, म्हणजे चिंगच्या शेवटच्या बादशहाला, परत गादीवर बसवलं, शहराला हुकूम की ड्रॅगन लावा, पण पाच वर्षांत लोकांनी झेंडे कुठे ठेवलेले असणार, मग कागदाचे चिकटवून लावले. बारा दिवसांत खेळ खलास. कुणी "चिंग काळातला कागदी झेंडा" म्हणून विकायला आला तर आधी हे आठवा.

आता एक सराव करून बघा, मी नव्या लोकांना हाच देतो. हायची नावाची क्रूझर, इंग्लंडमध्ये आर्मस्ट्राँग कंपनीने बांधलेली. १९११ मध्ये ती पाचव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाच्या आरमारी संचलनासाठी इंग्लंडला गेली, तिथून सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला. १० ऑक्टोबरला तिकडे वूचांगमध्ये क्रांती सुरू झाली. जहाज १९१२ मध्ये घरी पोचलं. न्यूयॉर्कच्या फोटोत मागे कोणता झेंडा पाहिजे? चौकोनी पिवळा, आणि फोटो असल्याने गडद दिसणारा. शांघायला परतल्यावरच्या फोटोत? पाच पट्टे. एकाच प्रवासात, त्याच खलाशांनी, एक उतरवून दुसरा चढवला.

स्वतः यादी ठेवत असाल तर प्रत्येक फोटोखाली साल, जहाज किंवा इमारत, झेंड्याची जागा आणि आकार एवढं चार शब्दांत लिहा, आणि साल नक्की नसेल तर "१८८९ च्या आधी" नाहीतर "नंतर" एवढं तरी. आकारावरून फोटोचं साल लावता येतं, हा उलटा उपयोग जास्त कामाचा आहे.

माझ्या दिंगयुआनवर आता चौकोनी आहे, टिश्यू पेपरचा, ड्रॅगन शून्य नंबरच्या ब्रशने काढलाय आणि तो बराचसा गांडुळासारखाच झालाय. उतरवलेला त्रिकोणी मात्र टाकला नाही. सध्या चाओयोंग करतोय, छोटी क्रूझर, जी १८८१ मध्ये दिंग रूचांग स्वतः खलाशी घेऊन न्यूकॅसलहून आणायला गेला होता, त्यातले दोन खलाशी तिथेच वारले आणि त्यांच्या कबरी अजून तिथल्या दफनभूमीत आहेत. स्केल तेच आहे. झेंडा बरोब्बर बसतो.